सर्व्हरची किंमत कोणत्या मापाने?

बँकेचे संकेतस्थळ असो वा विद्यापीठाचा ऑनलाइन निकाल, ब्राउझर आणि डेटाबेस यांच्या मध्ये एक ॲप्लिकेशन सर्व्हर राबत असतो. जावाच्या जगात टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, जेबॉस, वेबलॉजिक, वेबस्फिअर ही त्याची ठळक नावे. यातले एक निवडायची वेळ आली की सुविधांचा तक्ता मांडतात आणि जास्त खुणा मिळवणारे एडिशन जिंकते. हा तक्ता निरुपयोगी नाही, पण तो दुय्यम आहे. बहुतेक संस्थांना लागणाऱ्या सुविधा आता फुकट सर्व्हरमध्येही मिळतात. खर्च ठरतो तो दोन प्रश्नांवर: विक्रेता नेमके काय मोजून पैसे घेतो, आणि जुन्या आवृत्तीची डागडुजी किती वर्षे, कोण करणार?

पहिल्या प्रश्नासाठी ऑरेकलचा वेबलॉजिक पाहावा. २००८ मध्ये ऑरेकलने बीईए ही कंपनी सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना घेतली आणि हा सर्व्हर ऑरेकलकडे आला. त्याची स्टँडर्ड, एंटरप्राइज आणि सुइट अशी एडिशन. जाहीर दरपत्रकात वर्षानुवर्षे स्टँडर्डचा दर प्रोसेसरमागे १०,००० डॉलर आणि एंटरप्राइजचा २५,००० डॉलर दिसत आला आहे. पाहणाऱ्याला वाटते, फरक अडीच पटींचा. पण स्टँडर्डमध्ये ‘प्रोसेसर’ म्हणजे मदरबोर्डवरचे सॉकेट, तर एंटरप्राइजमध्ये कोअर मोजून त्याला ठरावीक गुणकाने गुणतात; इंटेलच्या नेहमीच्या चिपसाठी हा गुणक ०.५ आहे. दोन सॉकेटचे, प्रत्येकी १६ कोअरचे यंत्र घेतले, तर स्टँडर्डचे परवाने लागतात दोन, म्हणजे २०,००० डॉलर. एंटरप्राइजचे लागतात १६, म्हणजे चार लाख डॉलर! वर दरसाल २२ टक्के सपोर्ट, म्हणजे आणखी ८८,०००. मोठ्या ग्राहकाला घसघशीत सूट मिळते हे खरे, पण सूट दरावर मिळते, मापावर नाही. स्टँडर्डमध्ये क्लस्टरची सोय नसते, त्यामुळे एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने काम उचलावे असे वाटले की वरच्या एडिशनला जावेच लागते. तक्त्यातल्या एका खुणेपायी अडीच पटींचा फरक वीस पटींवर जातो.

माप यंत्रालाच चिकटलेले असेल असेही नाही. वेबलॉजिकसाठी नावानिशी वापरकर्ते मोजण्याचा पर्याय आहे, पण जगाला खुल्या संकेतस्थळाचे वापरकर्ते कोण मोजणार? व्हर्च्युअल मशीनला चारच कोअर दिले, तरी व्हीएमवेअरने घातलेली अशी मर्यादा ऑरेकलचे धोरण ग्राह्य धरत नाही. आयबीएम वेबस्फिअरसाठी ती मानते, पण सर्वसाधारणपणे आपले मोजणीचे सॉफ्टवेअर बसवायची अट घालून. सर्वांत धडा घ्यावा असे उदाहरण जावाचेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ऑरेकलने आपल्या जावाच्या नव्या वर्गणीसाठी कर्मचाऱ्यांची संख्या हे माप आणले. जावाशी संबंध न येणारा हिशेबनीसही त्यात धरला जातो. हजाराच्या आतल्या संस्थेला माणशी महिना १५ डॉलर हा जाहीर दर. ५०० माणसांच्या संस्थेला वर्षाला ९०,००० डॉलर, मग जावा एका सर्व्हरवर चालो की शंभर.

यावर सरळ प्रश्न येतो: एवढे असेल तर फुकटचा टॉमकॅट घेऊन मोकळे का होऊ नये? पुष्कळांनी तसेच करावे, असे माझेही मत आहे. मात्र इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. टॉमकॅट ८.५ ला पॅच मिळणे ३१ मार्च २०२४ रोजी थांबले. त्यावरून ९ वर जाणे फारसे कठीण नव्हते, पण १० पासून जावाच्या वेब-प्रणालीतली ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजची नावे ‘जकार्ता’ झाली आणि जुन्या ॲप्लिकेशनचा कोड बदलणे किंवा साधनाने रूपांतरित करणे भाग पडले. वाइल्डफ्लायमध्ये दुरुस्ती मिळते ती साधारणपणे पुढच्या आवृत्तीत. त्याच कोडवर उभा असलेला जेबॉस रेड हॅट वर्गणीने विकते. २००६ मध्ये तिने जेबॉस घेतले तेव्हाही कोड खुलाच होता. मग ग्राहक पैसे कशाचे देतो? पाच-सात वर्षे जुन्या आवृत्तीलाही सुरक्षेचे पॅच मिळत राहतील आणि रात्री दोन वाजता फोन उचलला जाईल, याचे. ही वर्गणी वाचवायची असेल तर वारंवार आवृत्ती बदलणारा, चाचण्या करणारा माणूस संस्थेत हवा आणि त्याचा पगार हिशेबात हवा. तो माणूस नसेल तर फुकट सर्व्हर महाग पडतो.

विक्रेता पाठीशी असला की निर्धास्त राहता येते, हा उलट बाजूचा युक्तिवाद मला तितका पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतले छिद्र उघड झाले तेव्हा पैसे मोजून घेतलेली कितीतरी उत्पादनेही उघडी पडली, कारण ती लायब्ररी त्यांच्याही पोटात होती. आणि विक्रेता मन बदलतो. ऑरेकलने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्या ग्लासफिश या जावा सर्व्हरचा व्यावसायिक सपोर्ट पुढच्या आवृत्त्यांसाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. ग्राहक पूर्ण अडकले नाहीत, कारण कोड खुला होता; त्यातून पयारा हा सर्व्हर उभा राहिला. एनजिनएक्स हा खुला वेब सर्व्हर २०१९ मध्ये एफफाइव्ह या कंपनीने ६७ कोटी डॉलरना घेतला. धोरणावरून बिनसल्यावर त्याच्या जुन्या विकासकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रीएनजिनएक्स वेगळे काढले. असा फोर्क, म्हणजे खुल्या कोडवरून वेगळी काढलेली शाखा, टिकेलच याची हमी नसते, पण परवाना बंद असता तर त्याचा विचारही करता आला नसता.

भारत सरकारच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणात खुल्या आणि बंद पर्यायांची तुलना करताना संपूर्ण आयुष्यभराचा खर्च धरावा, असे म्हटले आहे. खासगी संस्थांनीही हेच करावे. तुलनेच्या कागदात पाच वर्षांचे रकाने आखावेत. त्यांत आजचे कोअर नव्हे, तर तिसऱ्या वर्षीचे कोअर धरावेत; चाचणीचे आणि आपत्तीसाठी राखलेले सर्व्हर मोजणीत येतात का ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे; आणि टॉमकॅटच्या ओळीत शून्य न लिहिता दोन मोठ्या आवृत्तीबदलांची मेहनत लिहावी. कागद इतका भरला की वेबलॉजिक एंटरप्राइजचा मुद्दा बहुतेक मध्यम संस्थांपुरता निकालात निघतो आणि निवड उरते ती आपला माणूस की जेबॉससारखी वर्गणी, एवढीच.