काट्यावरून कळणारे अंतराळ

जुन्या धाटणीच्या विज्ञानकथेवर बेतलेल्या शोधमोहिमेच्या व्हिडिओ गेममध्ये अंतराळ फारसे दिसतच नाही. दिसतात त्या तबकड्या, थरथरणारे काटे आणि पडद्यावरच्या बारीक रेषा. १९८४ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘एलिट’मध्ये याला कारण होते निव्वळ टंचाईचे. बीबीसी मायक्रो संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट आणि गेममध्ये दीर्घिका आठ, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी त्या साठवल्याच नाहीत. मोजक्या बीजसंख्यांवरून संगणक दर वेळी त्या नव्याने काढत असे. पडद्यावर ग्रह म्हणजे एक वर्तुळ. बाकीचा ग्रह खेळणाऱ्याने मनात उभा करायचा, आणि गोडी त्यातच होती.

२०१९चा ‘आउटर वाइल्ड्स’ टंचाई नसतानाही त्याच वाटेने जातो. यान डागडुजी केलेल्या लाकडी खोपटासारखे, हाताशी दूरचे सूर पकडणारे एक यंत्र. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पहिल्यापासून सुरू. शस्त्रे नाहीत, यानही बलवान होत नाही. वाढते ती फक्त माहिती. एका ग्रहावरची वाळू शेजारच्या ग्रहावर ओतली जाते, त्यामुळे एकीकडच्या गुहा बुजतात, दुसरीकडच्या वास्तू उघड्या पडतात. अलिबागकराला हे वेळापत्रक कुलाबा किल्ल्यामुळे ठाऊक आहे: ओहोटीला पायी जाता येते, भरतीला नाही.

न दिसणारे यंत्रावरून ओळखण्याचे हेच काम अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४पासून चालू आहे, आणि ते कोणत्याही गेमपेक्षा सुरस आहे. आधी ही मोजमापे मुंबईच्या कुलाब्याला होत. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौर वादळात तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. पुढे मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवायचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या विजेने वाचने बिघडली असती, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा अलिबागला हलली. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, त्यामुळे जुनी-नवी मालिका जुळवता आली. इमारतीत लोखंड टाळले होते.

यंत्र साधे होते. अंधाऱ्या खोलीत टांगलेला छोटा चुंबक, त्याला आरसा, आरशावरून परतणारा प्रकाश फिरत्या रिळावरच्या फोटोच्या कागदावर. सूर्याकडून आलेल्या वादळाने पृथ्वीभोवतीचा भारित कणांचा वलयप्रवाह वाढला की आडवा घटक कमी होतो, चुंबक किंचित वळतो आणि कागदावरची रेषा खाली येते. पंधरा कोटी किलोमीटरांवरच्या सूर्याची उलथापालथ अशी बंद खोलीत उमटे. आता ही मोजणी इलेक्ट्रॉनिक चुंबकमापींनी होते आणि अलिबागचे आकडे इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात जातात.