बोटीवरचे गाव : ‘रणांगण’ वाचताना

आपल्या खेड्यात नवा पाव्हणा आला म्हणजे पारावरची मंडळी त्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव. आडनाव कळले की जात, धर्म, सोयरीक सारे आपोआप उलगडते. शहरात तसे होत नाही. शेजारच्या खोलीत कोण राहतो, हे वर्ष वर्ष कळत नाही. मग माणूस ओळखायचा तो बोलण्यावरून, कपड्यावरून, कातडीच्या रंगावरून. अनोळखी माणसांचे असेच एक तरंगते शहर विश्राम बेडेकरांनी १९३९ साली ‘रणांगण’ या लहानशा कादंबरीत उभे केले. बेडेकर आपल्या वऱ्हाडातलेच, अमरावतीचे.

युरोपातून मुंबईकडे निघालेली ही बोट. तिच्यावर हिंदी प्रवासी आहेत, गोरे आहेत, आणि हिटलरच्या छळाने जर्मनी सोडावी लागलेले ज्यू लोक आहेत. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण प्रेमात एकदा पोळलेला, म्हणून पुन्हा कुणात जीव गुंतवायचा नाही असे ठरवून बसलेला. हॅर्टा ही ज्यू तरुणी. दोघांचे मन जुळते, पण दिवस मोजके. चक्रधर मुंबईला उतरणार, तिला मात्र बोटीबरोबर पुढे पूर्वेकडे जायचे.

आता ज्यू म्हणजे कोण? गुरुजी, वर्गात हे सांगताना घोटाळा होतो, म्हणून नीट बघा. ज्यू हा एक धर्म आहे. धर्म म्हटला की माणूस तो पाळतो, नाहीतर सोडतो. पण जर्मनीत १९३५ साली जे कायदे झाले, त्यांत माणसाची श्रद्धा कुणी विचारलीच नाही. दोन्हीकडचे आजी-आजोबा मोजले. चारांपैकी तीन ज्यू निघाले की नातू ज्यू, मग तो चर्चमध्ये जात का असेना! १९३८ साली तर ज्यूंच्या पासपोर्टावर तसा शिक्काच मारू लागले. धर्माचा असा वंश केला. धर्म सोडून सुटका होते, आजोबा कसा सोडणार?

हे ऐकून फार परके वाटते का हो? जन्माने चिकटलेले आणि मेल्यावाचून न सुटणारे असे काहीतरी आपल्याही ओळखीचे आहे.

ज्यू आपल्याकडेही होतेच. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षे मराठी बोलत राहिले, तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, किहीमकर अशी गावावरून आडनावे. त्यांना कुणी हाकलले नाही, ही समाधानाची गोष्ट. १९४८ नंतर पुष्कळ जण इस्राएलला गेले, ते आपल्या इच्छेने. पण नावाकडे बघा, ‘तेली’! आपण त्यांना सामावून घेतले ते एक जात करूनच.

पुन्हा बोटीवर येऊ. लढाईला तोंड लागायचे आहे, तरी पुस्तकाचे नाव ‘रणांगण’. कारण लढाई डेकवरच चालली आहे, माणसांच्या मनात. मला सर्वांत बोचतो तो चक्रधर. तो स्वतः पारतंत्र्यातल्या देशाचा माणूस, रंगावरून होणारा अपमान त्याला सांगायला नको. तरी हॅर्टासाठी त्याने आणखी काही करायला हवे होते, असे वाचताना राहून राहून वाटते. तो दुष्ट नाही. बेडेकरांनी त्याला खलनायक केले नाही, आणि सोडूनही दिलेले नाही.

मुंबईनंतर येतात हॅर्टाची पत्रे. शेवट मी सांगत नाही. पुस्तक लहान आहे, दोन रात्रींत होईल.

वरच्या वर्गाला शिकविणाऱ्या गुरुजींनी एक करून पाहावे. फळ्यावर चार रकाने आखावेत : नाव, भाषा, धर्म, देश. बोटीवरचे एकेक पात्र मुलांकडून भरून घ्यावे. चक्रधराची ओळ भरेल. हॅर्टाच्या ओळीत ‘देश’ या रकान्यापाशी वर्ग अडेल. तिथे उत्तर सांगण्याची घाई करू नका.