खेळ कुणाचा, कॅसेट कुणाची?

आमच्या मंगरूळपीरला अमुक एक गोष्ट मिळत नाही, असे कोणी म्हटले की माझे काका चिडतात. सोयाबीनच्या बियाण्यापासून लग्नाच्या शालूपर्यंत सारे येथे मिळते, आणि जे मिळत नाही ते एस. टी.त बसून अकोल्याहून आणता येते, असे त्यांचे म्हणणे. एका बाबतीत मात्र मला ते कधीच पटले नाही. ती बाब म्हणजे व्हिडिओ गेम! खेळ भरपूर मिळत. पण ज्याने तो तयार केला त्याच्या हाती एक पैसा तरी पोचेल, असा खेळ मात्र मिळत नसे. 'हा काय वार्षिकांकाचा विषय झाला?' असे आमचे प्राध्यापक म्हणतील. त्यांना एवढीच विनंती, की थोडे पुढे वाचावे. वाटेत साहित्याचाही संबंध येणार आहे.

आमच्या घरातील पहिला खेळ काकांचा. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळयंत्र काढले. पुढे ते 'समुराई' या नावाने भारतातही आले. पण आमच्यासारख्या गावांपर्यंत जी पोचली ती त्याची स्वस्त नक्कल. १९९० नंतरच्या दशकात काकांनी बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेतून असेच एक यंत्र आणले. त्यासोबत पिवळी कॅसेट होती व तीवर लिहिले होते, '९९९९ इन १'. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! काकांच्या मित्रांनी म्हणे आठवडाभर घर सोडले नाही.

ही किमया कशी होती ते आता समजते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा अख्खा खेळ केवळ ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास खेळ सहज मावतील. तेव्हा नक्कल करणारा एकाच चिपमध्ये पुष्कळसे खेळ शेजारी-शेजारी भरत असे, आणि आपण यादीतला आकडा निवडला की यंत्र त्या कप्प्याकडे वळत असे. पण खेळ वीस-पंचवीसच. बाकीच्या आकड्यांवर तेच खेळ पुन्हा. कुठे दुसऱ्या टप्प्यापासून, कुठे जास्त जीव देऊन. मूळ कंपनीच्या काही मोठ्या खेळांच्या कॅसेटीत छोटी बॅटरी असे. तिच्यामुळे आज अर्धवट सोडलेला खेळ उद्या तेथूनच पुढे खेळता येई. नकली कॅसेटीत हा खर्च कोण करणार? त्यामुळे तसले लांबलचक खेळ आमच्याकडे आलेच नाहीत. आमच्याकडे आले ते भारनियमन सुरू झाले की पहिल्यापासून खेळावे लागणारे!

आणखी एक गोष्ट त्या कॅसेटीत नव्हती. मूळ खेळाच्या पहिल्या पडद्यावर साल आणि कंपनीचे नाव असते. नकलांमध्ये ती ओळ बहुधा पुसलेली असे. काकांनी मारिओला शेकडो वेळा खड्ड्यात पाडले आणि शेकडो वेळा वर काढले. पण तो कोणी निर्माण केला, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक होण्याची सोयच नव्हती.

माझ्या पिढीला कॅसेटीऐवजी सीडी आणि पेन-ड्राइव्ह लाभले. 'व्हाइस सिटी' हा खेळ मी एका मित्राकडून आणला. त्यात मोटारीत बसले की रेडिओ लागतो, असे म्हणत. माझ्या मोटारी मात्र मुक्या. मी समजत होतो की खेळच तसा आहे. पुष्कळ वर्षांनी कळले की त्या रेडिओवरची गाणी हे या खेळाचे मोठे वैभव. नक्कल लहान आकारात बसावी म्हणून कोणीतरी ती कापून टाकली होती. एखाद्याने कादंबरी वाचावी आणि मधली पाने फाडलेली होती हे त्याला पुढे केव्हातरी कळावे, तसे झाले.

याहून वाईट पुढेच आहे. अस्सल खेळ सुरू होताना आपली प्रत खरी आहे की नाही हे तपासतो. 'क्रॅक' म्हणजे ती तपासणी काढून टाकलेली, बदललेली फाईल. ती संगणकावर चढवताना विषाणूरोधक प्रोग्राम ओरडतो, म्हणून तो आधी बंद करा, अशी सूचनाच सोबत असते. म्हणजे कुत्र्याला बांधून दार उघडे ठेवायचे! मी ते केले. तिसऱ्या दिवशी ताईच्या प्रकल्पाची, तिने रात्री जागून टाइप केलेली फाईल उघडेना. ती कायमचीच गेली. ताई मला एक शब्दही बोलली नाही. तिने पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करायला घेतले. रागावली असती तर बरे वाटले असते.

आता साहित्याचा संबंध. भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती' या व्याख्येत आला. म्हणजे कायद्यापुरते तरी कादंबरीकार आणि खेळ लिहिणारा एकाच पंक्तीला बसतात. खरी प्रत बाळगणाऱ्याला ती खराब होईल या भीतीने स्वतःपुरती एक जादा प्रत करता येते. पण नकली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते.

कायदा असा, पण दुकान कुठे होते? आपल्या गावात नक्कल आणि अस्सल यांच्यात निवड नव्हतीच. नक्कल किंवा काहीच नाही, अशी निवड होती. 'स्टीम' हे इंटरनेटवरचे दुकान २००३ साली निघाले. पण तेथे रुपयांत किंमत दिसू लागली ती २०१५ च्या नोव्हेंबरात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, यूपीआय आले. तरी अडचणी सरल्या नाहीत. नवा मोठा खेळ चार-पाच हजारांपर्यंत जातो. तो शंभर जीबीचा असेल तर रोजच्या दीड जीबीत उतरवायला सदुसष्ट दिवस! शिवाय विकत मिळतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. काकांची कॅसेट शेजारच्याला देता येई. हा देता येत नाही.

मग तो घ्यावा कशाला? माझे उत्तर पुण्याहून आले. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ केला. भावाच्या शोधात असुरांशी लढणाऱ्या, सर्कशीत वाढलेल्या मुलीची ही कथा आहे. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी खेळ पुरा झाला. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी निघाला निन्टेंडोच्या 'स्विच' यंत्रावर, आणि त्या यंत्राची भारतात कंपनीकडून अधिकृत विक्रीच नव्हती! पुण्यात पिकले, पण पुण्यात विकता येईना, अशातली गत. ऑक्टोबरमध्ये तो संगणकावर आला.

मित्राने पेन-ड्राइव्ह पुढे केला. "फुकटात भेटते त पैसे कायले देतं बे?" मला पटकन उत्तर सुचले नाही. आजवर खेळ करणारे लोक कुठल्यातरी दूरच्या देशात राहत. त्यांचे काय बिघडणार, असे वाटे. हे तर पुण्यात बसलेले. शिवाय ताईने नोकरी लागल्यावर घेतलेला लॅपटॉप मला देताना एकच अट घातली होती, "चोरीचा खेळ टाकायचा नाही." दिवाळीत हाती आलेले पैसे राखून ठेवले, सवलतीचे दिवस येईपर्यंत थांबलो आणि काकांच्या मोबाइलवरून पैसे भरले.

खेळ संपला त्या रात्री काका शेजारीच बसले होते. पडद्यावरून नावे सरकू लागली. "हे काय सुरू हाय? खेळ त सरला ना?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "ज्यांनी खेळ केला त्यांची नावं आहेत." काकांनी चष्मा लावला आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. ओळखीच्या वळणाचे नाव आले की मान हलवीत. शेवटचे नाव वर गेले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आपला मारिओ कोनं केला होता रे?"

मी सांगितले, शिगेरू मियामोतो. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले.