ससा की कोसा?

घरबसल्या चार पैसे मिळावेत, तेही दुकानाची पाटी न लावता आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस न करता, ही मध्यमवर्गीय संसाराची फार जुनी इच्छा. कोणी मधमाश्यांच्या पेट्या आणतो, कोणी अळिंबी लावतो, कोणी गच्चीवर कोंबड्या पाळून शेजाऱ्यांची झोपमोड करतो. या यादीत अधूनमधून अंगोरा सशाचे नाव येते. पांढराशुभ्र कापसाचा गोळा, खायला पाला, तोंडातून आवाज नाही आणि दर तीन महिन्यांनी मऊ मऊ लोकर! ऐकूनच कोणाही गृहिणीच्या मनात सुया आणि टाके सुरू व्हावेत. आमचे आमगाव हे धानाचे गाव, थंडीपेक्षा उन्हासाठी प्रसिद्ध. पण हा ससा इथे पाळता येईल काय, असे विचारणारे इथेही भेटतात. तेव्हा या प्रश्नाचा एकदा नीट हिशेब मांडलेला बरा.

अंगोऱ्याचे लाड

अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचे जुने नाव. त्या नावाच्या सशाची लोकर मेंढीच्या लोकरीहून बारीक, वजनाला हलकी आणि कितीतरी उबदार. वर्षातून साधारण चार वेळा ती कातरतात. जर्मन जातीचा चांगला पोसलेला ससा वर्षाकाठी अर्धा ते एक किलो लोकर देतो. मादीला दिवस जातात ते अवघे महिनाभराचे, त्यामुळे एका जोडीचे खटले वाढायला वेळ लागत नाही. इथवर सारे गोड आहे.

पण या पाहुण्याचे लाडही तसेच आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा हवा. एकत्र ठेवले तर भांडतात आणि लोकरीचा गुंता होतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा हवा, म्हणजे लेंड्या खाली पडतात. अंग नियमाने विंचरावे लागते. अंग चाटताना केस पोटात जातात, आणि सशाला ओकता येत नाही. म्हणून खाण्यात वाळल्या गवताचा चोथा भरपूर हवा, नाहीतर पोटात केसांचा बोळा बसून तो दगावतो.

हेही एखादी कष्टाळू गृहिणी करील. करता येणार नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे हवा बदलणे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यातून अंगावर ही लोकरीची बंडी! पारा तिसाच्या वर गेला की तो धापा टाकू लागतो, खाणे सोडतो, आणि नर काही काळ निर्बीज होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. म्हणूनच भारतात अंगोरा रुजला तो हिमाचलासारख्या थंड प्रदेशात. कुलू खोऱ्यातल्या गडसा येथे त्याच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. तिथे हवा आहे, कातणारे हात आहेत, आणि शाल पांघरण्याजोगी थंडीही आहे. आमगावात सशासाठी कूलर लावला, तर लोकरीच्या पैशातून विजेचे बिलही भागायचे नाही.

शिवाय एक सावधगिरी. ‘जोडी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच विकत घेऊ’ अशी गोड बोली घेऊन कोणी दारात आला, तर 2019 साल आठवावे. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच व्यवहारात कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. ज्या मालाला आपल्या भागात दुसरा गिऱ्हाईकच नाही, त्याचा भाव बोलणाऱ्याच्या जिभेवर असतो.

झाडीतला धागा

मग धागा देणारा जीव आमच्या भागात नाहीच काय? आहे! तो पिंजऱ्यात राहत नाही, एवढेच. आमगावावरून जाणारी हावड्याची गाडी पुढे छत्तीसगडात चांपा या गावाला थांबते, ते गाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध. इकडे मागे भंडारा जिल्ह्यातले आंधळगावही तसेच. दोहोंच्या मध्ये पसरलेल्या आमच्या झाडीपट्टीत, ऐनाच्या झाडावर, एक जाडजूड हिरवी अळी राहते. तिने विणलेला कोष तो कोसा, आणि त्याचे कापड ते टसर. तुतीवरची अळी माणसाने घरात आणून इतकी माणसाळवली, की तिला आता पाला हाती द्यावा लागतो. ऐनावरची अळी मात्र अजून रानाचीच आहे. ती झाडावर वाढते, झाडावरच कोष करते, आणि आमचे ऊन-पाऊस तिच्या रक्तातले आहे.

पूर्व विदर्भात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले ते मुख्यतः ढिवर समाजाने. तळ्यात मासे धरणारी ही माणसे पावसाळ्यात ऐनाच्या रानात कोसा राखतात. नवा माणूस आरंभ करतो तो अंड्यांपासून. एका मादीची दीड-दोनशे अंडी म्हणजे एक अंडीपुंज. ती रोगमुक्त असावी लागतात, कारण पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि साऱ्या पिकाचा फडशा पाडतो. म्हणून अंडी घालून झाल्यावर मादीचे अंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि रोग दिसला तर तिची अंडी नष्ट करतात. ही युक्ती लुई पाश्चरने 1860 नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या रेशमाची साथ निवारताना शोधली. आज राज्याचे रेशीम संचालनालय आणि केंद्रीय रेशीम मंडळ यांच्या केंद्रांतून असे अंडीपुंज मिळतात.

अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. अळ्या ऐनाच्या कोवळ्या पाल्यावर सोडतात. पावसाळ्याच्या आरंभीचे पीक पाच-सहा आठवड्यांत कोषावर येते. दिवाळीच्या सुमाराचे, थंडीतले पीक त्याहून अधिक दिवस घेते. या काळात अळी चार वेळा कात टाकते आणि झाडाचा पाला संपवते; मग डहाळी अळ्यांसकट कापून दुसऱ्या झाडाला लावायची. ऐकायला सोपे आहे. खरे काम आहे ते राखणीचे. कावळे, गांधीलमाशा, मुंगळे, प्रार्थनाकीटक, सगळ्यांनाच ही अळी हवी असते. म्हणून राखणदार गलोल घेऊन पहाटेपासून अंधार पडेपर्यंत झाडांखाली फिरतो. एक दिवस घरी निजला तर महिन्याची मेहनत पाखरांच्या पोटात. वरून पावसाची झड लागली, तर तीही सोसायची.

सोवळ्यामागचे हात

कोसा हाती आला की तो वाफवून आतला जीव मारतात, सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात, आणि मग धागा काढतात. हे काम बायकांचे. चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढून ते उघड्या मांडीवर घासत पीळ द्यायचा, अशी जुनी रीत. त्याने कातडी सोलवटते. ही रीत जावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाची यंत्रे पुढे आणली, हे चांगले झाले. मग कोष्टी मागावर बसतो, आणि करवतीच्या दात्यांसारख्या काठाची ती करवती साडी तयार होते.

देवपूजेला रेशीम सोवळ्याचे, असे आपण मानतो. त्या सोवळ्यासाठी ढिवराने पावसात रान राखले, त्याच्या घरच्या बाईने मांडी सोलून घेतली, आणि कोष्ट्याने डोळे झिजवले, याची आठवण पूजेच्या वेळी किती जणांना होते? ससा लोकर देऊन जिवंत राहतो, कोसा जीव देतो, हेही खरे. ज्यांना ते खटकते, त्यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या भोकाच्या कोशापासून कातलेले कापड मागावे. ते थोडे खरखरीत असते, पण मन स्वच्छ राहते.

तुम्ही काय करावे?

ज्यांची या भागात जमीन आहे, त्यांनी बांधावर नि पडीत ऐन-अर्जुन लावावेत. तीन-चार वर्षांत त्यांवर अळी सोडता येते. राखणीला मात्र स्वतः उभे राहावे, किंवा राखणाऱ्याला पिकात वाटा द्यावा. नुसता पैसा घालून पुण्या-मुंबईत बसणाऱ्याचा हा धंदा नव्हे. ज्यांना जमीन नाही, त्यांच्याही हातात एक गोष्ट आहे. या दिवाळीत टसर घ्याल तर दोन प्रश्न अवश्य विचारा : कोसा कुठला, आणि विणले कोणी? सुटलेला एखादा धागा जाळून पाहा. जळत्या केसासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली गेली, तर ते रेशीम. प्लॅस्टिकच्या धाग्याची कडक गुठळी होते. खऱ्या मालाला खरी किंमत देताना मात्र हात आखडू नका. भाव पाडला, तर दुकानदार आपला नफा सोडत नाही. तो खाली ऐनाच्या झाडापर्यंत उतरतो. तिथे उभ्या माणसाला पाच-सहा आठवड्यांच्या राखणीचे मोल मिळाले नाही, तर त्याचा मुलगा हातात गलोल कशाला धरील? तो हावड्याच्या गाडीने नाहीतर नागपूरच्या गाडीने मजुरीला जाईल. ज्या ऐनाला राखणदार नाही, त्याला कुऱ्हाड लागायला वेळ लागत नाही.

ससा कुलूला सुखी राहो. आमच्या झाडीला तिचा कोसा पुरे. फक्त तो राखणाऱ्याचे पोट त्यावर भरले पाहिजे.