छत्रपती संभाजीनगर शहराचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील खाम नदीच्या काठी वसलेले ऐतिहासिक शहर आहे. खाम ही गोदावरीची लहान उपनदी असून तिचा प्रवाह प्रामुख्याने पावसाळी आहे. त्यामुळे वाढत्या वस्तीची तहान भागविण्यासाठी प्रत्येक काळात पाणी नदीपात्राबाहेरून आणावे लागले.

स्थापना आणि नहर

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी नगर वसविले. त्याने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल भूमिगत नहरीने शहरात आणले. केवळ उताराच्या आधारे वाहणारी ही नहर ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखली जाते. १६२६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र फतेहखान याने शहरास फतेहनगर हे नाव दिले.

मोगल आणि निजाम काळ

दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने येथे आपले ठाणे केले आणि शहरास औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे तटबंदी व दरवाजे उभारले गेले. १८व्या शतकात खामच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत पाणचक्की बांधण्यात आली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले जाई व त्याच्या जोरावर धान्य दळले जाई. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला हलल्यावर शहराचे राजकीय महत्त्व घटले.

छावणी

तटबंदीबाहेर, खामच्या पश्चिमेस, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिन्जंटचा लष्करी तळ होता. तोच भाग छावणी या नावाने ओळखला जातो. जून १८५७ मध्ये येथील घोडदळाने उठाव केला. तो मोडून काढून अनेक सैनिकांना देहदंड देण्यात आला.

स्वातंत्र्योत्तर काळ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने येथे महाविद्यालय सुरू झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. औद्योगिक वसाहतींमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि शहर पैठणजवळील जायकवाडी धरणावर अवलंबून राहू लागले. २०२३ मध्ये शहराचे सध्याचे नाव अधिकृत झाले.

सांडपाणी व अतिक्रमणे यांमुळे खामचे पात्र दूषित व अरुंद झाले. अलीकडे त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले आहे. नहरी आणि पाणचक्की यांचे जतन हा या शहराच्या जलवारशाचाच भाग होय.