जंतू एकच, मग त्रास एकालाच का?

मागच्या पावसाळ्यात पंचविशीतला एक तरुण लंगडत दवाखान्यात आला. उजवा गुडघा टम्म सुजलेला, टाच दुखरी, डोळे लाल. पडला नव्हता की मार लागला नव्हता. खोदून विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तीन आठवड्यांमागं लघवीला जळजळ होती. आपोआप थांबली म्हणून बोललो नाही." लघवीच्या तपासणीत क्लॅमिडियाचे जंतू निघाले. पत्नीला आणायला सांगितले, तर म्हणतो, "तिला तर काहीच त्रास नाही!"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तराचा एक भाग जन्मतःच मिळालेल्या प्रतिकारशक्तीत आहे. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात. त्यांची जनुके निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येतात. जंतूचा तुकडा पकडून पांढऱ्या पेशींना दाखवायचा, हे त्यांचे काम. यातलाच एक प्रकार म्हणजे एचएलए-बी २७. तो ज्यांच्यात असतो, त्यांना अशा संसर्गानंतर सांधे सुजण्याचा धोका जास्त, आणि दुखणेही लांबते. हा संबंध १९७३ साली उजेडात आला. आमच्या रुग्णाचे रक्त बाहेरगावी पाठवले, त्यात बी २७ सापडला. (अर्थात नुसत्या जळजळीसाठी ही महाग तपासणी कोणी करून घेऊ नये. बी २७ असलेले कितीतरी लोक जन्मभर ठणठणीत असतात.)

परम्याचेही तसेच. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने जंतूच्या कवचाला भोक पाडून त्याला मारतात. क्वचित कोणात यातली शेवटची प्रथिने जन्मतः कमी असतात. अशा माणसात परम्याचे जंतू रक्तात शिरून अंगभर पसरू शकतात. त्याच कुळातल्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वरही त्याला पुन्हापुन्हा गाठतो.

पण जनुके रोग आणत नाहीत. रोग जंतू आणतो, तोही संबंधातून. "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि त्रास नाही म्हणजे जंतू नाही, असेही नव्हे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. आत मात्र गर्भनलिकेला सूज येऊन ती बुजू शकते. हे नुकसान बरेचसे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने होते, म्हणून तेही प्रत्येकीत सारखे नसते. पुढे मूल होत नाही, की बोल लागतो तो बाईलाच.

हेच त्या तरुणाला सांगितले. लग्नाला दोन वर्षे झालेली, मूल हवे होते. दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन आला. ती गरोदर नाही याची खात्री करून दोघांनाही सात दिवस डॉक्सिसायक्लिन दिले, तोवर संबंध बंद. गरोदर स्त्रीला हे औषध चालत नाही, तिच्यासाठी वेगळे असते. तेव्हा औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. शासकीय रुग्णालयातही हे उपचार मोफत होतात आणि नाव गुप्त राहते.

जंतू आठवड्यात गेले. गुडघा उतरायला मात्र चार महिने लागले.