टेस्ला कॉइल : वेढ्यांच्या संख्येहून रचना महत्त्वाची

रायपूरच्या विमानतळाला २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. १८७७ पासून किशोरवयातील सुमारे दोन वर्षे त्यांनी या शहरात व्यतीत केली होती. पुढे १८९६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांची भेट झाली ती निकोला टेस्ला यांच्याशी. टेस्ला यांच्या नावाने ओळखली जाणारी, हवेत विजेचे लोळ सोडणारी कॉइल आजही विज्ञान प्रदर्शनांचे आकर्षण ठरते. ती बनविणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिला समज मात्र चुकीचा असतो : वेढे वाढविले की व्होल्टही वाढतील.

साध्या ट्रान्सफॉर्मरला हा नियम लागू पडतो. टेस्ला कॉइलमध्ये लोखंडी गाभा नसतो, आणि प्राथमिक व दुय्यम ही दोन्ही मंडले एकाच वारंवारतेवर जुळवावी लागतात. येथे धारित्रात साठलेली ऊर्जा एका मंडलातून दुसऱ्यात जाते. १० नॅनोफॅरडचे धारित्र १० हजार व्होल्टपर्यंत भारित केले, तर त्यात अर्धा ज्यूल ऊर्जा साठते. दुय्यम बाजूची एकूण धारिता २० पिकोफॅरड असल्यास, काहीही वाया गेले नाही असे धरूनही, सव्वादोन लाख व्होल्टच्या पलीकडे जाता येत नाही; मग वेढे हजार असोत वा दोन हजार.

मग गुंडाळणीने काय साधते? धारिता आणि ऊर्जेची हानी कमी राखणे, तसेच तारेचे आवरण फुटू न देणे. दुय्यम कॉइल एकाच थरात गुंडाळण्याचे कारण हेच. ११ सेंटीमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक नळीवर इनॅमलचा लेप असलेली बारीक तार ४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत गुंडाळली, तर सुमारे हजार वेढे बसतात. एका वेढ्याच्या वाट्याला सरासरी सव्वादोनशे व्होल्ट येतात आणि इनॅमल ते सोसते. त्यावर दुसरा थर चढविला की लाखभर व्होल्टचा फरक असलेले वेढे एकमेकांना चिकटतात आणि ठिणगी आतच पडते. एखादा वेढा चुकून दुसऱ्यावर चढला, तरी तो उलगडून पुन्हा गुंडाळणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात काम करताना नळी पूर्ण कोरडी करून मगच वॉर्निश लावावे.

प्राथमिक कॉइल सपाट चकलीसारखी, उलट्या शंकूसारखी किंवा उभी गुंडाळता येते. उभ्या रचनेत दोन कॉइलींचे चुंबकीय युग्मन घट्ट होते. ते लाभदायक वाटते; परंतु अति घट्ट युग्मनाने दुय्यम कॉइलच्या अंगावरूनच ठिणग्या धावू लागतात. म्हणून सपाट रचना नवख्यांना सोयीची. प्रत्येक बदलानंतर प्राथमिक कॉइलवरील जोडणीची जागा सरकवून वारंवारता पुन्हा जुळवावी लागते. ती न जुळविताच 'नवी गुंडाळणी निकामी' असा निष्कर्ष काढला जातो, आणि चांगली कॉइल अडगळीत पडते.

टेस्ला यांच्या ९ जानेवारी १८९४ च्या पेटंटातील दुहेरी तारेच्या चकलीबद्दलही गैरसमज फार. त्यांच्याच उदाहरणानुसार, १०० व्होल्ट लावलेल्या हजार वेढ्यांच्या कॉइलमध्ये शेजारच्या वेढ्यांतील फरक ०.१ व्होल्ट असतो. या युक्तीने तो ५० व्होल्ट होतो. त्यामुळे कॉइलची स्वतःची धारिता वाढते आणि वेगळ्या धारित्राची गरज उरत नाही. या रचनेतून 'फुकट वीज' मिळत असल्याचे दावे निराधार आहेत. दुय्यम कॉइलसाठी तर ती उलट अपायकारक, कारण तेथे धारिता कमी हवी असते.

हे सर्व प्रयोग जाणकाराच्या देखरेखीखालीच करावेत. वीजपुरवठा बंद केल्यावरही धारित्रात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. जोडणीला हात लावण्यापूर्वी तो रिकामा केल्याची खात्री करून घ्यावी.